साक्षीचं शेवटचं वाक्य

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या कोर्टात मी स्टेनो आहे. दिवसभरात किती वेळा 'मैं' लिहिते त्याला गणती नाही. तो 'मैं' कधी पटवारी असतो, कधी डॉक्टर, कधी बायकोचं डोकं फोडून आता गरीब गाय झालेला नवरा. साक्ष ज्याची त्याच्या तोंडूनच लिहायची, अशी पद्धत आहे. 'मैं ग्राम अमुक में रहता हूँ, मैं खेती करता हूँ.' आमच्याकडचा माणूस बोलतो मराठी, कोर्टाची भाषा हिंदी, जजसाहेब येतात कुठून कुठून लांबून, आणि या सगळ्यांच्या मधोमध माझी दहा बोटं. संध्याकाळी पांढुर्ण्याला घरी पोचल्यावर मुलगी विचारते, "आई, आज काय झालं?" तर मला लगेच बोलता येत नाही. स्वतःचं वाक्य सुरू करायला थोडा वेळ लागतो.

मला मराठीची शिक्षिका व्हायचं होतं. वडील म्हणाले, शाळेत घसा फोडण्यापेक्षा खुर्चीवर बसून लिहिण्याची नोकरी बरी. पांढुर्ण्यात तेव्हा टायपिंगचा एक क्लास होता, तिथे हिंदी लघुलेखन शिकवायचे. जाड रेघ, बारीक रेघ, ठिपका वर, ठिपका खाली. सर वर्तमानपत्र वाचायचे आणि आम्ही पाच-सहा मुली माना खाली घालून पेन्सिली चालवायचो. पुढे ते इतकं अंगात मुरलं, की कुणी बोलायला लागलं की माझं बोट मांडीवर आपोआप रेघा ओढायचं. माझ्या लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि मी शालूखाली त्यांची लघुलिपी करत होते. नवऱ्याला हे नंतर सांगितलं तर तो म्हणाला, "मग काही चुकलं का त्यांचं?" हसले होते तेव्हा. आता वाटतं, तेव्हाच कळायला हवं होतं. स्वतःच्या लग्नातही मी ऐकत नव्हते, उतरवून घेत होते.

नोकरी लागली ती सौंसरला. दोन-तीन वर्षांत पांढुर्ण्याला बदली होईल असं सगळे म्हणाले. अकरा वर्षं झाली होती त्याला, ही गोष्ट घडली तेव्हा. रोज सकाळी बस, संध्याकाळी बस, दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगिचे. पाहुणे आले की म्हणतात, किती सुंदर रस्ता! मी म्हणते, रोज या.

बदली न होण्याचं कारण माझंच कौतुक होतं. नवे साहेब आले की पहिल्याच आठवड्यात एखादी म्हातारी साक्षीला उभी राहायची, नागपुरी वळणाची मराठी घडाघडा बोलायची आणि साहेब गोंधळून इकडेतिकडे बघायचे. मग बाबू लोक माझ्याकडे बोट दाखवायचे. "मॅडम को सब समझता है." झालं. त्या दिवसापासून साहेबांचा माझ्यावाचून घास उतरायचा नाही. बदलीचा अर्ज पुढे पाठवायची वेळ आली की प्रत्येकाच्या तोंडी एकच, "आप चली जाएँगी तो यहाँ कौन समझेगा?" कामचुकार लोक दोन वर्षांत सुटून गेले. मी नीट काम केलं, म्हणून अडकले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तर त्या वर्षीचे साहेब रीवा बाजूचे होते. पन्नाशीचे, झटपट काम उरकणारे, मनाने वाईट मुळीच नव्हते. माझा चौथा अर्ज त्यांच्या टेबलावर काचेच्या पेपरवेटखाली होता. "देखेंगे मैडम," असं म्हणाले होते, आणि त्यांच्या आवाजावरून मला वाटत होतं की या वेळी होईल.

आमच्या खोलीत साहेबांचा मंच वर, त्याच्या खाली माझं टेबल, आणि डाव्या हाताला साक्षीदाराचा कठडा. इतका जवळ, की साक्षीदाराच्या पोटातली गुरगुर मला ऐकू येते. वकील लांब उभे असतात, साहेब उंचावर असतात, डोक्यावर पंखा खडखडतो. पुटपुटलेलं फक्त मला कळतं. देवाचं नाव, शिवी, "कवा सोडतीन आता," सगळं.

आता एक गोष्ट सांगते, ती कोर्टात काम केलेल्या कुणालाही माहीत असते. उलटतपासणीच्या शेवटी वकील साक्षीदाराला म्हणतो, तू खोटं बोलतो आहेस. प्रत्येकाला म्हणतो. ते म्हणायचंच असतं. आणि साक्षीदार म्हणतो, नाही. म्हणून प्रत्येक साक्षीच्या शेवटी एकच वाक्य येतं, 'यह कहना गलत है कि मैं आज न्यायालय में असत्य कथन कर रहा हूँ.' हजारो वेळा लिहिलं असेन. शेवटी कंटाळून मी कॉम्प्युटरमध्ये सोय करून घेतली. तीन अक्षरं दाबली की आख्खं वाक्य उमटायचं, बाई असली तर एक मात्रा बदलायची. वकील फाईल बांधता बांधता ते म्हणायचे, उत्तरासाठी थांबायचेही नाहीत. साहेब पुढचं प्रकरण हातात घ्यायचे. माझी तीन अक्षरं दाबून व्हायची आणि साक्षीदार "नाही जी" म्हणेपर्यंत प्रिंटर सुरू झालेला असायचा. कधी कुणी वेगळं उत्तर दिलं नाही. देईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

प्रकरण साधं होतं. रामाकोन्याकडच्या एका बगिचेवाल्याच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती. आरोप होता त्याच्याच जुन्या सालदारावर, वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्यावर. हा पस्तिशीचा माणूस, वर्ष पुरं व्हायच्या आधीच काम सोडून दुसऱ्याच्या बगिच्यात गेला होता, त्यावरून दोघांचं वाजलं होतं. मोटार सापडली नव्हती. पुरावा एकच, मालकाच्या आईने त्याला पहाटे सायकलवर मोटार बांधून नेताना पाहिलं. जामिनाला कुणी उभं राहिलं नाही, म्हणून तो कितीतरी महिने जेलात होता. दर तारखेला पोलीस त्याला घेऊन यायचे, आणि त्याची बायको व्हरांड्यातल्या बाकावर डबा घेऊन बसलेली असायची. तो डबा त्याला द्यायची परवानगी मिळायची तर मिळायची, नाही तर ती तसाच परत न्यायची. तो सुटतो की अडकतो हे त्या एका म्हातारीवर होतं, इतकं सोपं होतं सगळं.

ज्या दिवशी म्हातारीची साक्ष, त्या दिवशी सकाळीच साहेब माझ्यावर घसरले होते. आधीच्या एका साक्षीदाराने जे म्हटलं त्याचा अर्थ मी न विचारता सांगितला, तर समोरच्या वकिलाने हरकत घेतली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मैडम, आप लिखिए. समझना मेरा काम है." माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. अकरा वर्षं यांना समजावून समजावून माझे केस पिकले, आणि समजणं यांचं काम! मी ठरवलं, आज तोंडातून ब्र काढायचा नाही. विचारतील तेवढंच. बघू कसं समजतं ते.

म्हातारी आली. पासष्टच्या पुढची, हिरवं लुगडं, हातात कापडी थैली. तिचा मुलगा आधीच साक्ष देऊन मागच्या बाकावर जाऊन बसला होता. तिने पाठ केल्यासारखं सांगितलं. पहाटे उठली, दार उघडलं, तो सायकलवर मोटार घेऊन जाताना दिसला. आरोपीच्या वकिलांनी थोडं विचारलं, उजेड किती होता, घर किती लांब होतं. मग ते फाईलची दोरी बांधायला लागले आणि मराठीत म्हणाले, "मुलाच्या सांगण्यावरून तुम्ही आज कोर्टात खोटं सांगत आहात." साहेबांनी शिपायाला पुढचं नाव पुकारायला खूण केली. मी तीन अक्षरं दाबली.

आणि म्हातारी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हाव बाई. मी कुठी पायलं? मी तं निजून होती. पोरानं सांगतलं तसं बोलली."

मी ऐकलं. हे नीट सांगते, कारण नंतर मीही स्वतःला पुष्कळ समजावून पाहिलं की ऐकलं नसेल, पंख्याचा आवाज होता. होता, पण मी ऐकलं. मी वर बघितलं तर साहेब दुसऱ्या फाईलची पानं उलटत होते. वकील दाराकडे निघाले होते. मी फक्त "सर" म्हणायचं होतं. एक शब्द. पण सकाळचा राग गेला नव्हता. न विचारता बोलायचं नाही ना? नाही बोलत. आणि खरं सांगायचं तर पेपरवेटखालचा कागदही दिसत होता. आता मध्येच बोलले, सगळी साक्ष पुन्हा उकरावी लागली, साहेब चिडले, तर तो कागद तिथेच राहील. एवढा विचार करायला किती वेळ लागतो? तेवढ्यात प्रिंटरमधून पानं आली, म्हातारीने अंगठा लावला आणि ती माझ्याकडे बघून मान हलवून गेली. पानाच्या शेवटी छापलेलं होतं की साक्षीदाराला साक्ष वाचून दाखवली आणि ती त्याने बरोबर असल्याचं मान्य केलं. तीही ओळ तयारच असते. वाचून कुणी दाखवत नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत गणित शिकवतो, प्रत्येक गोष्टीचा निकाल त्याच्याकडे दोन ओळींत असतो. म्हणाला, "तिचा अंगठा आहे, साहेबांची सही आहे. आता हात दाखवून अवलक्षण कशाला?" मला तेच ऐकायचं होतं बहुतेक. तरी त्याचाच राग आला. पोळ्या जाड जाड लाटल्या त्या दिवशी.

मग निकालाची तारीख पडायची वाट. दर तारखेला तो माणूस येत होता, कठड्यात उभा राहत होता, सही करून परत जात होता. मी त्याच्याकडे बघत नव्हते. त्याच्या बायकोच्या बाकाजवळून जावं लागू नये म्हणून मागच्या दाराने पाणी प्यायला जायचे. कोर्टाची ती खोली आधी कंटाळवाणी होती, आता तिथे जीव गुदमरायला लागला. सोडून जाता येत नाही, बोलता येत नाही. इकडे आड तिकडे विहीर, आणि आड-विहीर दोन्ही मीच खणलेली.

एकदा बाजाराच्या दिवशी मधल्या सुट्टीत भाजी घ्यायला गेले होते. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी हातात घेऊन ताजी आहे का बघत होते, तर मागून कुणी तरी पदर ओढला. तीच म्हातारी.

"बाई, तुमी कोर्टातल्या न?"

मी हो म्हटलं.

"वळखलं का मले? मी ते मोटारीच्या केसमंदी आलती." तिने इकडेतिकडे बघितलं आणि अगदी जवळ आली. "तुमी लिहलं न ते? मी शेवटी तुमाले सांगतलं ते?"

जुडीतली माती माझ्या बोटांना लागली होती, ती मी पुसत राहिले. तिचे डोळे इतके भरवशाचे होते की त्यांची भीती वाटली. "हो मावशी," मी म्हटलं, "लिहिलं."

"बरं झालं बाप्पा!" तिने माझा दंड धरला. "तवापासून झोप लागून राहिली मले. पोराले अजून माईत नाही. माईत झालं तं पाहू. कागदावर गेलं, आता तो काय करते? त्या बिचाऱ्याचे लेकरं लहान हायेत हो. मी का पाप घेऊ डोक्यावर?" आणि भाजीवालीला म्हणाली, "यायले चांगली जुडी दे वं, कोर्टातल्या बाई हायेत."

मी ती जुडी घेतली. परत येऊन टेबलाशी बसले आणि जुडी खणात टाकली. मघापर्यंत मी फक्त गप्प बसले होते. आता मी खोटं बोलले होते, तेही अशा बाईशी जिने आयुष्यात एकदा हिंमत करून खरं सांगितलं आणि ते चुकीच्या माणसाच्या कानात सांगितलं. स्वतःची किळस येणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं.

निकाल लिहून घ्यायला साहेबांनी चेंबरमध्ये बोलावलं ती दुपारची चारची वेळ होती. लघुलेखनाची वही आणि दोन टोकदार पेन्सिली घेऊन मी बसले. निकाल सांगताना साहेब डोळे मिटायचे आणि सलग बोलत जायचे. प्रकरणाची हकीकत झाली. मुलाची साक्ष झाली. मग म्हातारीची. "यह साक्षी प्रतिपरीक्षण में पूर्णतः अखंडित रही है. उसने इस सुझाव को स्पष्ट रूप से अस्वीकार किया है कि वह न्यायालय में असत्य कथन कर रही है. अतः उस पर अविश्वास करने का..."

माझी पेन्सिल थांबली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. साहेब दोन वाक्यं पुढे गेले आणि मग त्यांना पेन्सिलीचा आवाज नाही हे जाणवलं. डोळे उघडून म्हणाले, "क्या हुआ मैडम? पेंसिल टूट गई?"

"नहीं सर. वह वाक्य उसका नहीं है. मेरा है."

मग सगळं सांगितलं. तीन अक्षरं, पंखा, ती काय म्हणाली, मी का बोलले नाही. सकाळच्या रागाचंही सांगितलं, अर्जाचंही. बाजारातलं तेवढं सांगितलं नाही. तेवढं गिळलं. माणूस कबुली देतानाही थोडी शिल्लक ठेवतोच.

साहेबांनी फाईलमधलं म्हातारीच्या साक्षीचं पान काढून शेवटची ओळ वाचली. मग विचारलं, "आपको कब से पता है?"

"उसी दिन से."

"और वह आदमी तब से अंदर है." हा प्रश्न नव्हता. त्यांनी फाईल बंद करून बाजूला सरकवली. "आप घर जाइए मैडम." ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा आदेश काढला आणि मला सात दिवसांत खुलासा द्या म्हणून नोटीस दिली. नोटीसही मलाच टाईप करावी लागली, कारण टाईप करणारी मीच.

म्हातारी पुन्हा आली तेव्हा खोली भरलेली होती. आमच्या कोर्टात भिंतींना कान नाहीत, तोंडं आहेत. बातमी सगळ्या वकिलांपर्यंत गेली होती. मुलगा पुन्हा मागच्या बाकावर, दोन्ही हात गुडघ्यांवर. आरोपी पोलिसाशेजारी उभा. म्हातारीला आपल्याला पुन्हा का बोलावलं ते माहीत नव्हतं, पण ती घाबरलेली दिसत नव्हती. मला बघून हसली सुद्धा.

साहेब म्हणाले, "मैडम, आज आप समझाइए. एक-एक शब्द." मग त्यांनी विचारलं की त्या दिवशी सगळ्यात शेवटी तुम्ही काय म्हणाला होता. मी मराठीत विचारलं.

म्हातारीने थैली कठड्यावर ठेवली आणि खणखणीत आवाजात, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं बोलली. "मी म्हनलं, का मी पायलं नाही. मी निजून होती. माह्या पोरानं सांगतलं तसं बोलली. हे मी त्याच दिवशी सांगतलं. आता काय नवीन इचारता? ह्या बाईले इचारा. ह्याइनं तवाच लिहून ठेवलं हाय. बाजारात सोता सांगतलं मले ह्याइनं, लिहलं म्हनून."

दोन्ही वकिलांनी एकदम माझ्याकडे बघितलं. त्यांना मराठी येत होती. साहेबांना येत नव्हती. ते पेन हातात धरून वाट बघत होते. "क्या कह रही हैं?"

अर्धं सांगता आलं असतं. पहिलं अर्धं पुरेसं होतं, त्याने तो माणूस सुटत होता. बाजाराचं गाळलं असतं तर त्या दोन वकिलांनी कदाचित भिडेखातर काही म्हटलंही नसतं, रोजची ओळख होती. माझ्या जिभेवर ते अर्धं वाक्य तयार होतं.

मी पूर्ण सांगितलं. "यह कह रही हैं कि मैडम ने उसी दिन लिख लिया था. बाज़ार में मैडम ने ख़ुद इनसे कहा कि लिख लिया है."

"आपने कहा था?"

"जी सर."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "लिखिए," ते म्हणाले. आणि मी लिहिलं. 'मैं' ने सुरू होणारी चार वाक्यं, त्यातल्या शेवटच्या वाक्यात मी खोटारडी. सावकाश, अक्षर न अक्षर टाईप केलं. मागे बाक सरकल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने बाहेर मोटरसायकल सुरू झाल्याचा.

पंधरा दिवसांनी तो माणूस सुटला. बायको व्हरांड्यात डबा विसरून गेली, शिपायाने धावत जाऊन दिला. तो माझ्याकडे न बघता गेला, आणि का बघावं त्याने? मला लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या नोकरीच्या कागदांत लागली. अर्ज परत आला तेव्हा त्यावर शेरा होता की स्थानिक बोली जाणणारी दुसरी कर्मचारी उपलब्ध नसल्याने बदलीची शिफारस करता येत नाही. ते वाचून मला हसू आलं. इतकं होऊनही मीच लागत होते यांना. साहेब पुढच्या वर्षी बदलून गेले. मी अजून तिथेच बसते. ती तीन अक्षरं कॉम्प्युटरमधून काढून टाकली आहेत, शेवटचं वाक्य आता उत्तर आल्यावर पूर्ण टाईप करते, आणि वकील घड्याळाकडे बघत उभे राहतात.

पण त्या दिवशीची संध्याकाळ राहिली सांगायची. ती सांगितली नाही तर पुन्हा थोडं गिळल्यासारखं होईल.

पाच वाजता बाहेर आले तर म्हातारी व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली होती. थैली मांडीवर. बाकी सगळे गेले होते.

"मावशी, गेल्या नाही अजून?"

"पोरगा गाडी घेऊन चालला गेला. हाक मारली तं वळून नाही पायलं." ती रागावलेली नव्हती, बुचकळ्यात पडली होती. "मले समजून नाही राहिलं बाई. हे तं जुनंच हाय न? तवाच लिहलेलं. मंग आज काहून तापला तो एवढा?"

मी तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "मावशी, तेव्हा मी लिहिलं नव्हतं. बाजारात तुम्हाला खोटं सांगितलं. आज लिहिलं पहिल्यांदा."

साहेबांसमोर मघाशी मी काय बोलले ते हिंदीत होतं, तिला ते कळलंच नव्हतं.

"म्हंजे मी आजच बोलली? त्याच्या समोर?"

"हो मावशी."

"बाप्पा," ती म्हणाली. तिने थैलीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले. "मी समजली, का बोलून झालं, निभावलं. म्हनून आज तोंड उघडलं. नाही तं त्याच्या पुढं माही काय बिशाद हाय? त्याच्याच घरात रायतो न मी."

रामाकोन्याकडे जाणारी बस रस्त्यावर येऊन थांबली. कंडक्टर ओरडत होता. मी उठले, तिला हात दिला. तिने हात घेतला नाही.

"तुमी साऱ्याइचं लिहता न बाई," ती म्हणाली. "मंग सांगा. आता मी घरी जाऊन काय बोलू?"

मी परत बसले. बस सुटली. मग पांढुर्ण्याची माझी बसही सुटली. आम्ही दोघी बाकावर बसून होतो, आणि मला एक वाक्य सुचत नव्हतं.